पासवर्ड बरोबर आहे, आत जागा नाही

जोगदंड मॅडम तक्रार ऐकायला आल्या की आधी तक्रारदाराला खुर्चीवरून उठवीत. मग म्हणत, "हात मागे." पन्नाशीचे सुपरवायझरही शाळेतल्यासारखे हात मागे बांधून उभे राहत. घाबरलेल्या माणसाने तोवर सापडेल ते बटण दाबलेले असे आणि मॅडम समोर आल्यावरही त्याची बोटे थांबत नसत. "आता सांगा, काय केलंत? काही नाही केलं, असं म्हणू नका. काही न करणाऱ्यांना कंपनी पगार देते, पण त्यांचे कॉम्प्युटर बिघडत नाहीत."

चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या कॉम्प्युटर विभाग सांभाळीत. विभाग म्हणजे त्या स्वतः आणि जिन्याखालची एक खोली. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी कंपनीचे मासिक काढायला तिथे गेलो, तेव्हा त्या खोलीतली दुसरी खुर्ची माझ्या वाट्याला आली. मॅडम संत तुकाराम नगरमध्ये वाढलेल्या. वडील पिंपरीत फिटर होते, कामगार युनियनमध्ये होते आणि बुद्धविहाराच्या कमिटीतही. घरात जेवणापेक्षा सभा जास्त व्हायच्या, असे मॅडम सांगत. आवाज त्यांना तिथूनच मिळाला असावा. त्या हळू बोलायला लागल्या की काहीतरी गंभीर आहे असे लोक समजत.

कुठलाही बिघाड झाला की कारखान्यात एकच उपाय सुचवला जाई, बंद करून चालू करा. मॅडमना तो शब्दही सहन होत नसे. "रिस्टार्ट हा उपाय नाही, नवस आहे. फळला तरी कशामुळे फळला ते कळत नाही."

कारखान्यातल्या कॉम्प्युटरांची प्रणाली जुनी झाली होती. ती अपडेट करू द्या, म्हणून त्या प्लँट हेड सबनीस साहेबांच्या मागे लागल्या होत्या. साहेबांचे उत्तर ठरलेले असे. "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" शेवटी एका मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "तुमची गाडी पण चालते. मग सर्व्हिसिंगला कशाला नेता?" कोणीतरी खोकले. साहेब म्हणाले, "करा अपडेट. पण लाइन थांबली, तर तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही." मॅडम म्हणाल्या, "चालेल." त्यांच्या घराचा हप्ता चालू होता, हे सगळ्यांना माहीत होते.

गुरुवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला, त्यांनी अपडेट उरकले. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तपासणी विभागाचा कॉम्प्युटर कोणालाच आत घेईना. नाव टाकले, पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होई आणि पुन्हा नाव विचारणारी तीच खिडकी समोर येई. याच कॉम्प्युटरवरून लेबल निघाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे. ट्रक भरून उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. साहेब स्वतः खाली आले. "मॅडम, मी काय म्हणालो होतो?"

"ऐकलंय मी. उजेड अडवू नका, बाजूला व्हा जरा."

तपासणी विभागाचे सुपरवायझर नामदेव अण्णा हात मागे बांधून उभे होते. अण्णा जवळच्याच जुन्या गावचे, बागायतदार घरचे. नोकरीची त्यांना गरज नव्हती, पण शिफ्टला येणे आवडे. "आमी काय बी केलं न्हाई मॅडम. ह्यो त्या अपडेटचाच प्रताप हाय."

"बाकीचे सगळे कॉम्प्युटर चालू आहेत अण्णा. अपडेटचा तुमच्यावरच एवढा राग का?" मॅडमनी चुकीचा पासवर्ड मुद्दाम टाकून पाहिला. कॉम्प्युटरने तो तिथल्या तिथे नाकारला. मग बरोबर टाकला. पुन्हा काळोख आणि पुन्हा तीच खिडकी. "बघितलंत? चूक असेल तर तोंडावर सांगतो. बरोबर असेल तर आत घेतो आणि मागच्या दारानं बाहेर काढतो. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, आत बसायला जागा नाही."

त्यांनी तीन बटणे एकदम दाबली. चित्रांची खिडकी गेली आणि काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरे राहिली. त्या दाराने मात्र तोच पासवर्ड मुकाट आत गेला. डिस्क काठोकाठ भरली होती. तीन शिफ्टचे लोक एकाच नावाने तो कॉम्प्युटर वापरत आणि फोन भरला की त्यातले व्हिडिओ त्यात ओतत. उरलीसुरली जागा अपडेटच्या फायलींनी खाल्ली होती. आत आलेल्याची खूणचिठ्ठी लिहायलाही कॉम्प्युटरला जागा नव्हती. मॅडमनी अपडेटच्या कामापुरत्या उतरवलेल्या फायली पुसल्या. खिडकी उघडली. लेबले निघाली आणि ट्रक गेला.

"म्हणजे अपडेटमुळेच झालं," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. बैलांमुळे."

"कसले बैल?"

मॅडमनी एक व्हिडिओ लावला. बैलगाडा शर्यतीचा घाट, धुरळा, भंडारा, माणसांचा आरडाओरडा. "कोणाचे आहेत हे?" साहेबांनी विचारले. "मला बैल ओळखता येत नाहीत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. अण्णा छताकडे पाहत होते. प्रकरण तिथे मिटले असते. पण स्टोअरचा माणूस वाकून म्हणाला, "हा तर पलीकडच्या गावच्या सरपंचाचा गाडा."

"कुणाचा? डोळं हायत का बटणं?" अण्णा उसळले. "आमचा गाडा हाय त्यो! आमच्या वाघ्याला वळखत न्हाईस व्हय?"

साहेबांनी अण्णांकडे पाहिले, मग स्क्रीनकडे, आणि बैलांची ती धाव, ती बारी संपेपर्यंत तिथून नजर काढली नाही. "पहिला आला?" त्यांनी विचारले. अण्णा म्हणाले, "मग!"

सोमवारी नोटीस लागली. यापुढे कोणत्याही कॉम्प्युटरवर अपडेट करण्यास मनाई. व्हिडिओंबद्दल नोटिशीत एक शब्द नव्हता.

मॅडम ती वाचून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मासिकाच्या मजकुरावर सही घ्यायला मी तिथेच उभा होतो. साहेबांनी त्यांच्यापुढे नवे कॉन्ट्रॅक्ट सरकवले. "घ्या, लाइन थांबली नाही. तुमची नोकरी वाचली."

"नोकरी वाचली साहेब, काम गेलं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "नुसत्या नोकरीचं मी काय करू?" त्यांनी कागद परत सरकवला.

महिनाअखेरीस त्या निघाल्या. पुढची नोकरी अजून ठरायची होती. निगडीच्या बसपर्यंत त्यांची पिशवी अण्णांनी उचलली.

"मॅडम, औंदा शर्यतीला या."

"येईन. तिथं निदान पुढं जाऊ नका म्हणून नोटीस लावत नाहीत."

बस आली. पिशवी त्यांनी स्वतः वर चढवली.