दत्ताभाऊंना शेवट सांगायचा राहिला

दत्ताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. त्यांचा मेहुणा बोलत होता, "भाऊ गेले," एवढंच म्हणाला. आदल्या रविवारीच मी दवाखान्यात त्यांना भेटून आलो होतो. हाताला सलाईन, आवाज खोल गेलेला, तरी मला बघून म्हणाले, "रमेश, तो शेवट सांग की आता." मी म्हणालो, "आधी बरे व्हा, भाऊ. घरी आलात की निवांत सांगतो." ते हसले, मान हलवली... महिना उलटला, ते हसणं काही डोळ्यांपुढून जात नाही.

भाऊ मूळचे देवगाव रंगारीचे. बजाजनगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायचे, आणि आम्ही दोघं एकाच कंपनीत प्रेस मशीनवर. एकदा गावी जाताना कन्नडच्या बाजारात त्यांना एक जुनी कादंबरी मिळाली, घर सोडून निघालेल्या एका बाईची. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालून त्यांनी ती कंपनीच्या बसमध्ये फिरवायला काढली. दहा-बारा जणांच्या हातांतून गेली असेल, ऑइलचे न् हळदीचे डाग घेत. नियम भाऊंचा: वाचून झाली की मत चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून त्यांच्याच हातात द्यायची, आणि ज्यानं वाचली नाही त्याच्यापुढं अवाक्षर काढायचं नाही. वाचलेली माणसं बसच्या मागच्या सीटवर जमायची आणि हळू आवाजात भांडायची. आम्ही पुढं बसून कान टवकारायचो, पण ओ की ठो कळायचं नाही.

माझा नंबर आला आणि गाडी तिसाव्या पानावर अडकली. ओव्हरटाइम, पोरीचं आजारपण... कारणं होती, पण खरं सांगायचं तर कंटाळा. तीन आठवडे झाले, पुढचा माणूस रोज विचारायला लागला. शेवटी लाजेकाजेस्तव चिठ्ठी लिहून दिली, 'लई आवडली. शेवट तर काळजाला भिडला.' त्याच आठवड्यात माझी बदली दुसऱ्या प्लांटला झाली, बस बदलली, मागच्या सीटवर बसायची वेळच आली नाही. सुटलो, असं वाटलं.

पण भाऊ सोडतात व्हय! रविवारी टपरीवर चहा घेताना हमखास विचारायचे, "रमेश, शेवट सांग की." मला वाटायचं, यांनी माझी चोरी पकडलीय, परीक्षा घेतायत. मी म्हणायचो, "असा टपरीवर सांगायचा शेवट आहे का तो, भाऊ? निवांत बसू." "बरं, निवांत सांग," म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे. चार वर्षं हेच चाललं. एकदाच "भाऊ, मी वाचलीच नाय" म्हटलं असतं तर माझी जीभ झडली असती का?

तेरावं झाल्यावर वहिनींनी एक पिशवी हातात दिली. "हे तुमच्याकडं द्यायला सांगितलं होतं. म्हणाले, रमेशला यातलं सगळं माहीत हाय." आत ती कादंबरी आणि चिठ्ठ्यांचं पाकीट. मला वहिनींकडं वर बघवेना.

दोन रविवार लावून वाचली. बाई एसटीतून गावात उतरते, लांबून घराचं दार दिसतं, ती चालायला लागते... आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. पुढं नुसता पुठ्ठा. शेवटची पानंच नाहीत. बाजारातून आली तेव्हापासूनच नव्हती.

मग पाकीट उघडलं. 'पानं गेलीत राव, पण ती घरात गेली नसंल.' 'नवरा दार उघडतो, माझी खात्री हाय.' 'भाऊ, फसवलं तुम्ही, आता झोप येईना.' प्रत्येकानं आपापला शेवट लिहिला होता. मागच्या सीटवरची भांडणं ती हीच. सगळ्यात खाली माझी चिठ्ठी होती, आणि तिच्यावर पेन्सिलीनं भाऊंचं अक्षर: 'रमेशला दुसरीकडं कुठं पूर्ण पुस्तक मिळालेलं दिसतं. शेवट विचारायचा.'

परीक्षा कसली न् काय कसलं. माणसानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. त्या बाईचं पुढं काय झालं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं, आणि मी त्यांना चार वर्षं तिष्ठत ठेवलं. याची लाज आता जन्मभर पुरेल.

कादंबरी आता आमच्या टीव्हीशेजारच्या फळीवर असते. काल मी नवी चिठ्ठी लिहिली, 'आत्ता वाचली, भाऊ. शेवट मलाही माहीत नाही.' घडी घातली, आणि हातात धरून तसाच बसून राहिलो. चिठ्ठी भाऊंच्याच हातात द्यायची, असा नियम होता.