शिलारस मास्तरांची पिवळी रेघ

मास्तर यायच्या आधी त्यांचा वास यायचा. जुन्नरच्या आमच्या शाळेत ते सृष्टिविज्ञान शिकवत आणि मी व्याकरण. अत्तारचाचांच्या दुकानातला शिलारस, म्हणजे उदबत्तीत घालतात तो मुंबईहून येणारा चिकट राळेसारखा पदार्थ, मास्तर पाण्यात उकळून त्याचं तेल काढत. तो सुगंध त्यांच्या कोटाला कायमचा चिकटलेला, म्हणून ते शिलारस मास्तर. चाचा म्हणत, "मास्तर, तुमी नुसतं दुकानासमोरनं फिरत ऱ्हावा, माझा धंदा आपोआप व्हतो."

त्या तेलाची तऱ्हा उलटी. तूप तापवलं की पातळ होतं. हे तापवलं की दाटतं, आणि तापवतच राहिलं तर काच होऊन बसतं. "ह्यात एवढं काय?" असं कुणी म्हटलं की मास्तर उसळत. "दाटतं ते आंधळ्यालाही कळेल हो! किती वेगानं दाटतं, ते सांगा!"

त्यासाठी पुण्याच्या एका प्रोफेसरांकडून त्यांनी वर्णपट पाहायची दुर्बीण आणि पोकळ काचेचा लोलक मागून आणला होता. लोलकात तेल भरायचं, तो गरम पाण्यात ठेवायचा, निववायचा आणि मग मीठ टाकलेल्या ज्योतीची पिवळी रेघ त्यातून पाहायची. तेल दाटेल तशी रेघ सरके. त्यामुळे मास्तरांच्या खिशात सदा मीठ. डब्यातली भाजी अळणी निघाली की आम्ही हक्कानं हात पुढे करायचो.

घोडं एकाच जागी अडलं होतं. रेघ शेवटी कुठे थांबते हे कळल्याशिवाय वेगाचं गणित सुटेना, आणि शाळा सांभाळून इतका वेळ सलग आच देणं जमेना. संक्रांत झाली की यंत्र परत करायचं होतं. त्यातच परीक्षेच्या कामावर त्यांना काही दिवस बोरी गावाला जावं लागलं. अर्धवट दाटलेलं तेल लोलकात तसंच घरच्या फळीवर ठेवून ते गेले.

परत आले तेव्हा मी सोबतच त्यांच्या घरी गेलो. लोलक फळीवर नव्हता, चुलीच्या वैलाला, म्हणजे शेजारच्या जोडचुलीला, खेटून होता.

"थंडीनं गारठलं व्हतं रं, खोबऱ्याच्या तेलावानी," त्यांची आई म्हणाली. "म्हनलं, ऊब लागली की इतळंल. रोज जवळ सरकवत व्हते, तर लईच घट झालं!"

तेल आत कायमचं थिजलं होतं. दुसऱ्याचा लोलक बाद झाला होता. मास्तरांनी ज्योत पेटवली, डोळा लावला. लोलक पुन्हा तापवला, निववला, पुन्हा पाहिलं. रेघ जागची हलेना.

"बघा राव, थांबली!" ते ओरडले आणि थेट आईच्या पाया पडले. ती माउली घाबरूनच गेली.

यंत्र परत द्यायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. लोलक पाहून प्रोफेसर संतापले. "हे कुणी केलं?"

"मी. मुद्दाम केलं," मास्तर म्हणाले. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात दाबला. मास्तरांचं सुटलेलं गणित प्रोफेसरांनी ऐकूनही घेतलं नाही. ते यंत्र मास्तरांना पुन्हा कधीच मिळालं नाही.

परतीच्या वाटेवर, पेठ गावाच्या आसपास, मी चिडून म्हणालो, "खरं सांगितलं असतंत तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं."

"हसले असते. आईला," मास्तर म्हणाले. "तेच नको होतं."

ह्या माणसावर माझा जीव होता तो ह्यासाठीच.

घरी पोचताच आईनं विचारलं, "यंतर दिलंस व्हय माघारी?"

"काम संपलं आई. तूच तर पुरं केलंस."

ती जगली तोवर गल्लीत सगळ्यांना हेच सांगत असे, आणि मास्तर शेजारी बसून मान डोलावत.