पालथा हात

आमच्या यंत्रमाग कारखान्यात मोटरींचे तेलपाणी पाहणारे दुधनीकडचे एक गृहस्थ आहेत. चालत्या मोटरीवर ते उजवा हात पालथा टेकवीत आणि डोळे मिटून तिचा ताप अजमावीत. दुपारच्या सुट्टीत मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. क्षेपणास्त्र सुटताच त्याच्या ज्वाळेची उष्णता अवकाशातून टिपून सावध करणारे उपग्रह परदेशात तयार होत आहेत, ही बातमी त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

“म्हंजी आमचंच काम की, साहेब, लई उंचावरनं,” ते हसले. मग थांबून म्हणाले, “पन खालच्यानं ऐकलंच न्हाय तर?”

“मग तुम्हीच वर जाऊन बसा, तुमचं सगळे ऐकतील,” मी थट्टेने म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात चादरींची निकड होती. “साहेब, चार नंबरची मोटर तापलीया. बंद करा,” ते म्हणाले.

“पाळी संपू द्या,” मी म्हणालो.

ते मोटरीजवळच उभे राहिले. थोड्याच वेळात तिने पेट घेतला, आणि खटका ओढायला त्यांनीच हात घातला. तो हात भाजला आणि त्यातली जाणीव कायमची गेली.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. आता ते डावा हात टेकवितात. काल त्यांनी तो टेकवताच मी धावत जाऊन मोटर बंद केली.

“गार हुती की, साहेब,” ते हळूच म्हणाले. “म्या अजून काय बोललोबी न्हवतो.”