सहाणेवरचा एक वेढा

"तोंड वर कर."

डॉक्टरांनी हातातल्या पेन्सिलीनं माझी हनुवटी उचलली. हात लावला न्हाय. सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, सकाळची वेळ, मागं पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. मी भुईवर सतरंजी टाकून बसलो व्हतो. नाक गळत व्हतं, जांभईवर जांभई येत व्हती, पाय आतनं मोडत व्हते. नाक पुसायला पदर उचलला तर म्हणाले, "राहू दे. बघू दे त्यांना."

मग पोरांकडं वळले. "अफूबाज बाई. स्वतः खाते, वर्षाच्या पोरीलाही चारली. पोरगी आत आहे. मरता मरता वाचलीय. कधीपासून खातेस ग?"

"बंगल्यावर कामाला लागलो तवापासनं, साहेब."

एक जण दुसऱ्याला म्हणाला, "लागलो म्हणते, लागलो! बाई आहे का बाप्या?" सगळी हसली. आमच्याकडं बायका आलो-गेलोच म्हणत्यात. माझी आई म्हणायची, आजी म्हणायची. त्या दिवशी मला माझ्या जिभेची बी लाज वाटली.

तेवढ्यात वकीलसाहेबांच्या बाई डबा घेऊन स्पेशल खोलीकडं निघालत्या. मी त्यांच्याच बंगल्यावर धुणं-भांडी करायचो. माझ्याकडं बघून थांबल्या आन डॉक्टरांना म्हणाल्या, "चोरायची हो. आमच्या मामंजींच्या डबीतलं. घरच्यासारखं वागवलं हिला आम्ही."

मी मान खाली घातली. कारण चोरलं व्हतं. बाई खोटं बोलल्या न्हाईत, अर्धं बोलल्या. उरलेलं अर्धं मी तवा बोललो न्हाय. ते आज सांगतो.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्याच्या फुडच्या सालची गोष्ट. माझा नवरा नदीत बुडून गेला. उचगावच्या सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून मला दाराबाहेर काढलं. सुली चार महिन्यांची. कोल्हापुरात वकिलांच्या बंगल्यावर काम मिळालं. मागच्या पडवीत बुट्टीत पोर निजवायचं आन कामाला लागायचं. पोर ते, रडणारच की.

बाईंचे सासरे, थोरले साहेब, अफू खायचे. रीतसर परवाना व्हता, सरकारी दुकानातनं यायची. रोज दुपारी एक गोळी, वर दूध. सगळं घर तिला 'मामंजींचं औषध' म्हणायचं. त्यांची झोप मोडली की बंगला डोक्यावर घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी बाई पडवीत आल्या. चिमटीत काळा खडा. "हे गुटीत उगाळून दे तिला. मोहरीएवढं. आमची तिन्ही मुलं ह्याच्यावर वाढलीत. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

बाळगुटी आमच्यात बी देत्यात. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, आईच्या दुधात एकेक वेढा, म्हंजे एकच फेरा, उगाळायचं आन बोटानं चाटवायचं. पर त्यात हा खडा काय करतोय हे मला ठावं न्हवतं व्हय? ठावं व्हतं. आमच्या गल्लीत एक पोर असंच झोपलं ते उठलंच न्हाय. तरी मी उगाळलं. एक वेढा. उजव्या हाताच्या ह्या पयल्या बोटानं तिला चाटवलं.

सुली झोपली ती दिवेलागणीपर्यंत. आन मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. भांडी झाली, धुणं झालं, बाई म्हणाल्या, "किती गुणाचं पोर ग तुझं!" आन मी फुगलो. आजबी ते आठवलं की कुठं तोंड लपवू असं हुतंय.

आमच्यात गुटी वाया घालवत न्हाईत. सहाणेवरची उरलेली आईनं चाटायची, दुधातनं पोरालाच मिळती म्हणून. आईनं शिकवलेलं. मी रोज चाटायचो. पाठ दुखायची थांबली. नवरा आठवायचा थांबला. एक दिवस सुलीला सर्दी झाली म्हणून गुटी दिली न्हाय, तर दुपारी माझंच नाक गळाय लागलं, हाडं मोडाय लागली. मला वाटलं, पोरीची सर्दी मला लागली. रात्री तिला गुटी दिली, सहाण चाटली, आन घटकेत सर्दी गेली. तवा माझ्या ध्यानात आलं.

मग सहाणेवरचं पुरंना. थोरल्या साहेबांच्या गोळ्या वळायचं काम माझ्याकडंच व्हतं. दर गोळीतलं चिमूटभर मी काढायचो. चोरीच ती. तिला दुसरं नाव न्हाय.

सुली वर्षाची झाली तरी बसंना. हातापायाच्या काटक्या. दूध तोंडात धरंना. रडायचीच विसरली. शेजारपाजार म्हणायचा, शांत हाय ग पोर. मी व्हय म्हणायचो.

एक दिवस बंगल्यावर मोठं पावणं जेवायला यायचं व्हतं. बाई सकाळीच म्हणाल्या, "आज आवाज नको हं. दोन वेढे दे." मी दोन दिले. पंगत उठली, मी खरकटं काढून पडवीत आलो. सुलीचे ओठ निळे. हलवली, चापट मारली, पानी मारलं. उठंना. मी बोंब मारली तशा बाई धावत आल्या, बघितलं, आन म्हणाल्या, "मागच्या दारानं ने. पाहुणे आहेत."

मी मागच्या दारानं दवाखान्यात पळालो. त्या दिवशी बी ऐकलं मी त्यांचं.

डॉक्टरांनी पोरगी वाचवली. माणूस कसा का असंना, त्यांनीच वाचवली. तिच्या उशाशी बसल्या बसल्या दुसऱ्या दिवशी मलाच उलट्या-हगवण लागली. डॉक्टरांनी डोळ्यांची बुबुळं बघितली, काय ते ओळखलं आन मला व्हरांड्यात टाकलं. पोरीजवळ जायचं न्हाय म्हणाले.

औषध द्यायला एक शिस्टर व्हती, मिरजेकडची. तिच्या हातात काचेची बाटली, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. जेवढं औषध काढायचं तेवढंच पानी बाटलीत ओतायचं. रोज औषध पातळ, रोज थोडं कमी. शिस्टर म्हणाली, "कळणारही नाही बाई, कधी सुटलं ते." अग, कळत व्हतं की! हाडाहाडाला कळत व्हतं. लुगडं घाण व्हायचं, ते नळावर नेऊन सगळ्यांच्या देखत मीच धुवायचो.

आन आत सुली रडत व्हती. तिच्या बी अंगातनं अफू उतरत व्हती. मी भिंतीला कान लावून ऐकायचो. तिला ते मीच दिलेलं.

एक दिवस शिस्टर तीच बाटली घेऊन स्पेशल खोलीतनं बाहेर आली. मी इचारलं, "आत कोण हाय?"

"तुमच्या बंगल्याचे थोरले साहेब. सरकारनं परवान्यावरची अफू कमी केली, त्यांना सोसली नाही."

"त्यांना बी ह्याच बाटलीतलं?"

"ह्याच."

"त्यांच्या कागदावर काय लिवलंय?"

ती इकडंतिकडं बघून हळू म्हणाली, "अशक्तपणा."

"आन माझ्या?"

ती बाटलीत पानी ओतत राहिली.

सातव्या दिवशी डॉक्टर एक कागद आन शाईचं पॅड घेऊन आले. बाई संगं. डॉक्टरांनी वाचलं, "मी मालकांच्या घरातून अफू चोरून स्वतः खाल्ली व मुलीस चारली. मुलीचा सांभाळ करण्यास मी लायक नाही. तिला अनाथाश्रमात ठेवण्यास माझी हरकत नाही." मग म्हणाले, "कर अंगठा. बाई पोलिसांत जात नाहीत, उपकार मान."

खरं सांगतो, मी अंगठा शाईत बुडवला. मला वाटलं, बरोबरच लिवलंय. असल्या आईपरास आश्रम बरा.

तेवढ्यात आत सुली रडली. भुकेलं पोर रडतंय तसं, खणखणीत. वर्षात असं रडणं मी ऐकलं न्हवतं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "शी! काय कार्टी किंचाळते. द्या की काहीतरी तिला."

मी उठून उभी राहिलो.

"काय द्यायचं, बाईसाब? मोहरीएवढं?"

बाईंचं तोंड उतरलं.

"डॉक्टर, कागदात लिवा," मी म्हटलं. "पयला खडा कुणाच्या चिमटीतला ते लिवा. दोन वेढे कुणी सांगितले ते लिवा. मरतं पोर मागच्या दारानं कुणी घालवलं ते लिवा. आन माझं बी सगळं लिवा. ह्या बोटानं चाटवलं, डबीतलं चोरलं, काय बी सोडू नका. मग अंगठा देतो. अर्ध्या कागदावर देत न्हाय."

"जास्त बोलू नकोस!"

"आन स्पेशल खोलीतल्या कागदावर बी अफू लिवा. बाटली एकच हाय."

शिकाऊ पोरं उभी व्हती. ह्या वेळेला कोण हसलं न्हाय. मी अंगठा लुगड्याला पुसला आन आत निघालो. दारात शिस्टर व्हती, ती बाजूला झाली. मी सुलीला उचललं. तिनं माझ्या खांद्यावर वांती केली आन पुन्हा रडाय लागली. रड म्हटलं, रड बाई.

कागद तसाच राहिला, बाई पोलिसांत गेल्या न्हाईत. दवाखाना मी मात्र सोडला न्हाय. बाटलीत नुसतं पानी उरंपर्यंत तिथंच व्हरांड्यात पडून राहिलो, पोर कुशीत घेऊन. कोण काय म्हणतंय ते कानावर पडत व्हतं.

आता हुपरीत ऱ्हातो. चांदीच्या पैंजणांना घुंगरू लावायचं काम. सुली तीन वर्षांची हाय, आत्ता कुठं भिंत धरून चालती. शब्द जड. सुधारंल का, मला ठावं न्हाय. मला बी ओढ येती अजून, पाठ भरून आली की जीभ सहाण शोधती. माझ्या वाटणीची लाज माझी हाय, ती मी मरंपर्यंत वागवीन. बाईंच्या वाटणीची मात्र मी उचलणार न्हाय.

हितं बी घराघरात बायका शेजारी बुट्टीत पोर निजवून काम करत्यात. एखादं लईच गप पोर दिसलं की मी सरळ आत जाऊन सहाण हुंगतो. भांडणं हुत्यात. शिव्या देत्यात. "तू कोण टिकोजी लागून गेलीस?" म्हणत्यात. मग मी बसतो आन कोण ते सांगतो, पेन्सिलीपासनं.

एक दिवस सुली इचारंल, आई, माझे पाय असे का? तवा मी तिला आधी हे बोट दाखवणार. मग तिचा हात धरून कोल्हापूरला त्या बंगल्यावर नेणार. फुडच्या दारानं.