बाळाबाईच्या रांजणाखालचा माणूस

बाळाबाईनं आपल्या दिराला मारून घरातच, पाण्याच्या रांजणाखाली पुरलंय, हे वस्तीतल्या कुठल्याही पोरानं शपथेवर सांगितलं असतं. ज्ञानू नावाचा दीर होता हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला पाहिलेलं एकही पोर वस्तीत नव्हतं. शिवाय तो रांजण. घर सारवायला काढलं की बाळाबाई कणगी हलवायची, पाटा हलवायची, पेटी तर अंगणात नेऊन उन्हात ठेवायची. रांजणाभोवती मात्र नुसता हात फिरवून घ्यायची. त्याच्या बुडाखालची जमीन कुणाच्या बापानं बघितली नव्हती. आणि वर ती बाई वाचायची काय, तर खुनाची पुस्तकं. पोरांना आणखी काय पाहिजे?

मग एका दुपारी ज्ञानू स्वतःच मोटारसायकलवरून आला. शिरवळच्या कंपनीत तो फिटर होता, तिकडंच लग्न करून राहिला होता, आणि भावाशी वाजल्यामुळं इतकी वर्षं गावाकडं फिरकला नव्हता. आता भाऊ राहिला नाही, म्हणून वहिनीला भेटायला आला. चहा प्याला, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि गेला. अफवा त्याच दिवशी मरायला हवी होती. पण तिनं फक्त माणूस बदलला. गोळ्या चघळत चघळतच पोरांनी ठरवलं, की रांजणाखाली दीर नाही, एक कासार आहे. बांगड्या भरायला आला होता म्हणे, आणि परत गेलेला कुणी बघितला नाही.

खरी गोष्ट एवढीच, की रांजणाखाली माणूस नव्हता. पण काहीच नव्हतं असंही नाही.

छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा बाळाबाई लग्न होऊन या घरात आलीही नव्हती. तरणी पोरं पोतं घेऊन घरोघर फिरली आणि देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती, जे असेल ते गोळा करून कृष्णेत सोडून आली. बाळाबाईच्या सासूनंही फडक्यात बांधलेलं गाठोडं पोत्यात टाकलं. मात्र देव त्यात नव्हते. ते एका मडक्यात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, हातभर खाली होते. म्हातारीनं पुढं देवाला कधी हात जोडले नाहीत, नवस केला नाही. पण फेकायलाही तिचा हात झाला नाही. मरताना तिनं सुनेला जवळ बोलावून जागा दाखवली आणि तीन गोष्टी बजावल्या. उकरू नको, पुजू नको, सांगू नको. बाळाबाईनं त्यावर रांजण ठेवला आणि तिन्ही पाळल्या.

साक्षरतेची मोहीम आली तेव्हा ती विहारात पाटी घेऊन पहिली जाऊन बसली होती. मोहिमेचं पुस्तक संपवून तिनं विचारलं, आता फुडं काय? पुढं काही नव्हतं. मग एसटी स्टँडवर भाऊसोच्या दुकानात दोरीला चिमट्यानं अडकवलेली भाड्याची पुस्तकं तिनं बघितली आणि तिचं पुढचं शिक्षण तिथं झालं. त्या पुस्तकांत सुरुवातीला कुणीतरी बेपत्ता व्हायचं आणि शेवटी जमिनीतून निघायचं. बाळाबाईला खून करणाऱ्यांचा राग यायचा तो त्यांच्या अडाणीपणाचा. चुलीमागं पुरणारा खुनी भेटला की ती पुस्तक मिटून ठेवायची. रोज सारवायची जागा ती, ओल राहते, तिथं पुरतो म्हणजे त्याच्या घरात बाईमाणूस नव्हतं काय, असं तिचं म्हणणं. एकदा बोलता बोलता म्हणून गेली, की पुरावं तर वर कायतरी जड ठेवावं, आणि मग एकदम लसूण सोलायला लागली.

हे ऐकायला समोर स्वप्ना होती. शेजारची स्वप्ना, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, आणि हे लिहिणारीही तीच. बाळाबाईचे डोळे दुपारनंतर दुखायचे, तेव्हा पुस्तक स्वप्ना वाचायची. वाचायची म्हणजे वठवायची. इन्स्पेक्टर बोलायचा कराड-इस्लामपूर गाडीच्या कंडक्टरसारखा, सुट्टे मागत. खलनायकाला तिनं साखर कारखान्याच्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयचा आवाज दिला होता, ऊसतोडीची तारीख विचारली की तो जसा नाकातून बोलतो तसा. मढं सापडल्याची बातमी द्यायला हमखास आण्णांचा आवाज यायचा.

आण्णा म्हणजे विहाराचे अध्यक्ष. छप्पन साली पोतं खांद्यावर घेणारी तरणी पोरं, त्यांतले शेवटचे. त्यांचं बोलणं ‘म्हंजे काय, की’ इथून सुरू व्हायचं. दर जयंतीला ते त्या पोत्याची गोष्ट सांगायचे आणि तिचा शेवट ठरलेला असायचा: एकाबी घरानं मागं कायबी ठिवलं न्हाई. टाळ्या पडायच्या. बाळाबाईही वाजवायची, पण तिच्या टाळीला आवाज नसायचा.

एके सकाळी नळावर, घागरींच्या रांगेत, बायांनी स्वप्नाला नकला करायला लावल्या. तिनं रविवारची वंदनाच करून दाखवली. आधी आण्णा, पंचशील सांगताना चौथ्या शीलाला नेमके खोकणारे. मग बाळाबाई. पहिली तीन शीलं खणखणीत, चौथ्याला आवाज पार तळाला, आणि पाचव्याला पुन्हा वर. बाया हसून हसून वाकल्या. आवाज का बुडतो ते नकला करणारीलाही माहीत नव्हतं, तिच्या कानानं नुसतं टिपलं होतं. पण रांगेत मागं बाळाबाई उभी होती. चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. आपला आवाज तिथं बसतो हे तिला स्वतःलाही त्या दिवशी कळलं. ती घागर न भरताच घरी गेली.

त्यात घर पाडायची वेळ आली. तिचा मुलगा मिलिंद चुलत्याच्या ओळखीनं शिरवळला कामाला लागला होता. त्याला स्लॅबचं घर बांधायचं होतं. केरबा गवंडी आला, दोरी लावून पांढरी फक्की ओढून गेला आणि एका खांबाचा चौकोन बरोब्बर रांजणावर आला. बाळाबाईनं खांब जरा इकडं घेता येईल का म्हणून विचारलं. केरबा म्हणाला, “वयनी, खांब काय म्हस हाय व्हय, सोडून दुसऱ्या खुट्टीला बांधाया?” सोमवारपासून खोदाई धरली.

बाळाबाईला जेवण गोड लागेना. कासाराचं मढं निघणार म्हणून सगळी पोरं खड्ड्याच्या काठावर बसणार, हे तिला दिसत होतं. आणि निघणार काय, तर देव. मग वस्ती म्हणणार, म्हातारीनं समाजाला फसवलं. सुनेनं तर एवढी वर्षं रोज फसवलं, विहारात पुढच्या रांगेत बसून. आण्णांचं जयंतीचं वाक्य सगळ्यांदेखत खोटं पडणार. गुपचूप उकरावं तर रांजण एकटीनं हलणारा नव्हता, आणि पोरांची पाळत अशी, की तिनं तांब्या बुडवला तरी बाहेर बातमी जायची.

याच दिवसांत हातात असलेल्या पुस्तकात एक विधवा होती. तिच्या परसात काहीतरी पुरलेलं होतं आणि तिकडं विहिरीचं काम निघालं होतं. बाळाबाई हे पुस्तक कान देऊन ऐकत होती. आता ही काय करणार, असं तिनं स्वप्नाला चारचारदा विचारलं.

“काय करनार? इन्स्पेक्टर उकरंल आन् धरंल. आपनहून कुनीच सांगत न्हाई, आत्या.”

“ही सांगंल.”

“लावता पैज?”

बाळाबाईनं रांजणाकडं बघितलं नाही. कधीच बघायची नाही. ती म्हणाली, लावते.

स्वप्ना अशा संधीची वाटच बघत होती. “हरलासा तर रांजन हलवून दावायचा.”

“दावीन. आनि तू हरलीस तर बुद्धपौर्णिमेपतोर कुनाची नक्कल करायची न्हाईस. माझी न्हाई, आण्णांची न्हाई, कोंबड्याची सुदिक न्हाई.”

पैज लागली आणि पाच-सहा पानांनी पुस्तक संपलं. म्हणजे संपलं नाही, फाटलं होतं. विहिरीवर कुदळ पडते तिथून पुढची पानं नव्हती. स्वप्ना पळत भाऊसोकडं गेली. त्यानं थंडपणे सांगितलं, की कुणीतरी त्यात भजी बांधून नेली असतील, आणि शेवट कळून काय करायचंय, शेवटी धरत्यातच.

रविवारी वंदना झाली. चौथ्या शीलाला बाळाबाईनं ओठच हलवले नाहीत. लोक पांगले, आणि ती घरी न जाता आण्णांच्या अंगणात गेली. आण्णा दोर वळत बसले होते. त्यांनी बस म्हटलं तरी ती बसली नाही. उभ्याउभ्या तिनं सगळं सांगून टाकलं: मडकं, सासू, तीन गोष्टी, उद्याची खोदाई. शेवटी म्हणाली, “आवं आण्णा, मला काय म्हनायचं ते म्हना. पर म्हातारीला खोटारडी म्हनू नगासा.”

आण्णांचा हात दोरावर थांबला.

“म्हंजे काय, की तुमच्यात नवा वरवंटा कवा घेतला?”

बाळाबाईला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही.

“पोतं माझ्याच खांद्यावर हुतं, बाई. टाक असत्यात बोटभर. तुज्या सासूचं गठुडं पाठीत टोचाय लागलं. नदीवर सोडून बघतोय तर वरवंटा. फुडं म्हैनाभर म्हातारी चटणी वाटाया आमच्यातला मागून न्हेत हुती. माजी आई म्हनायची, हिचा वरवंटा कुटं गेला? म्या काय सांगनार? नदीत गेला म्हनून?”

“मग तवाच का न्हाई बोलला?”

“काय बोलू? धम्म तिनं मनापासनं घेतला हुता. माज्या शेजारी हुबी ऱ्हाऊन घेतला. हात भ्याला, येवढंच. हाताला येळ लागतो.”

बाळाबाईला जयंतीचं भाषण आठवलं. मग तुम्ही दरवर्षी सांगता ते, असं तिनं विचारलं, पण वाक्य पुरं करायला तिला धीर झाला नाही. आण्णांनीच ते उचललं.

“सांगतो. सांगत ऱ्हायलो तर येक दिस खरं हुईल म्हनून सांगतो. आनि रविवारी चौथ्या शीलाला खोकतो. तुला काय वाटलं, छप्पन सालापासनं मला सर्दी हाय?”

आता बाळाबाई खाली बसली. पदर तोंडाला लावून हसली की रडली, ते आण्णांनी बघितलं नाही. त्यांनी दोर वळायला घेतला.

सोमवारी केरबा आला तेव्हा पोरं आधीच जागा धरून बसली होती. बाळाबाईनं दोन गड्यांना बोलावून रांजण बाजूला करवला आणि केरबाच्या हातातलं खोरं घेऊन स्वतः उकरलं. मडकं निघालं. काळे पडलेले बोटभर टाक निघाले. कवटी नाही, बांगड्या नाहीत, काही नाही. पोरांची तोंडं अशी झाली, जसा दिवाळीचा फटाका फुसका निघावा.

“सासूनं ठिवलं हुतं, म्या झाकलं हुतं,” बाळाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आज न्हाई झाकत.”

बायांत कुजबुज सुरू झाली तोवर आण्णा पोतं घेऊन आले. टाक पोत्यात पडले. आण्णा नदीच्या वाटेला लागले, पण सरळ न जाता वस्तीतून वळसा घेत, अगदी सावकाश. हरणाबाईच्या दारापुढून जाताना ती म्हातारी म्हणाली, आण्णा, वाईच थांबा. आत गेली. आतून फरशी सरकवल्यासारखा आवाज आला आणि ती पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर आली. आण्णांनी पोत्याचं तोंड उघडं धरलं आणि स्वतः विजेच्या तारांवर बसलेली पाखरं बघत राहिले. पुढच्या गल्लीत आणखी एका दारात थांबावं लागलं. मग आणखी एका. पोतं नदीवर पोचेपर्यंत आण्णांना खांदा बदलावा लागला होता. या खेपेला त्यात वरवंटा एकही नव्हता.

संध्याकाळी स्वप्नानं पैजेचा विषय काढला. तिचं म्हणणं, पैज पुस्तकातल्या बाईवर लागली होती.

“तिचं शेवटचं पान कुटं हाय? दाव,” बाळाबाई म्हणाली.

पान नव्हतं.

“मग माजंच धर.”

पुढच्या रविवारी विहारात पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. स्वप्ना कान टवकारून बसली होती. चौथ्याला बाळाबाईचा आवाज असा खणखणीत उठला, की पुढच्या रांगेतलं तान्हं पोर दचकलं. आणि आण्णा खोकले नाहीत. वंदना झाल्यावर ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, “म्हंजे काय, की एकाबी घरानं मागं कायबी ठिवलं न्हाई.” मग थांबले, हरणाबाईकडं बघितलं, आणि घसा साफ करून पुढं म्हणाले, “वाईच उशीर झाला, येवढंच.”

सगळा विहार हसला. हरणाबाईनं लाजून पदर ओढला. आण्णांचं ते थांबणं, तो घसा, ते ‘वाईच’, सगळं स्वप्नाच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. आजूबाजूच्या पोरी तिला कोपरानं ढोसायला लागल्या, कर की, कर की. तिनं तोंड उघडलं. पुढच्या रांगेतून बाळाबाईनं मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

स्वप्नानं तोंड मिटलं. बुद्धपौर्णिमा अजून लांब होती.