नमनाचा पडदा आणि त्याची बोटं

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, त्यातलं एक वर्ष पावसातच गेलं. पण मालगुंडच्या बाजूला आमची वाडी, तिथला चितारी म्हणजे मीच. होड्यांवर नावं मी घालायचो, दुकानांच्या पाट्या मी रंगवायचो, आणि शिमग्यात वाडीचं नमन, म्हणजे सोंगांचा, नाचगाण्याचा खेळ, उभं राहायचं त्याच्या मागचा पडदाही माझाच. दरबाराचा. राजा, प्रधान, चार शिपाई, सगळे हात पाठीमागे घेऊन उभे. मला बोटं काढता यायची नाहीत. कोणी विचारलंच तर सांगायचो, राजासमोर असंच उभं राहायचं असतं. "मग राजा कोणासमोर उभा आहे रे?" असं शेजारच्या म्हातारीने विचारलं, तेव्हापासून तिच्या दारावरून जाणं मी सोडलं.

माझ्याच वयाचा, आमच्याच वाडीतला एक मुंबईला मामाकडे गेला आणि तिकडे चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं काढायला लागला. कॉमिक म्हणतात ती. ऐंशी साल उलटून गेलं होतं. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर स्टॉल होता, तिथे त्याचं पुस्तक मला पहिल्यांदा दिसलं. आतल्या पानावर त्याचं नाव. मी अक्षर अक्षर लावून दोनदा वाचलं, एकदा चुकलं असेल म्हणून. मग पानं उलटली. जिथे बघावं तिथे हात. मूठ वळलेली, बोट रोखलेलं, एकाने दोरी धरलेली आणि दोरीमागून डोकावणारा अंगठा. त्या अंगठ्याने माझं त्या दिवसाचं जेवण गेलं.

नेमका तेव्हाच जुना पडदा फाटला होता. हे पुस्तक वाडीत पोचलं तर वाडीचा कारभार बघणारे गावकार नवा पडदा त्यालाच सांगणार, एवढं मला कळलं. म्हणून स्टॉलवर होती तेवढी सगळी पुस्तकं मी घेतली आणि घरी भाताच्या कणगीमागे टाकली. पुढच्या महिन्यात गेलो तर दुप्पट. तीही घेतली. त्याच्या पुढच्या महिन्यात ढीगच. स्टॉलवाला खूश, मला चहा पाजायला लागला. खप वाढतोय म्हणून तो जास्त मागवत होता, आणि तो मागवतोय म्हणून मी जास्त घेत होतो. कणगी भिंतीपासून पुढे सरकली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शिमग्याला चाकरमानी आले. प्रत्येकाच्या पिशवीत ते पुस्तक होतंच.

पुस्तकवाला स्वतःही आला. स्टँडवर उतरल्या उतरल्या स्टॉलवाल्याने त्याला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे स्वतःच्या घरी न जाता आधी माझ्याकडे. बायकोने कौतुकाने कणगीमागचा ढीग दाखवला. तो खाली बसला.

"तिकडे मला कोण विचारतो रे? पेन्सिल मी मारतो, शाई दुसरा, रंग तिसरा. आणि तू एकट्याने एवढी घेतलीस?"

मी मान हलवली. मनात म्हटलं, नुसती पेन्सिल, मग तोरा कसला? पण त्याने तोरा दाखवलाच नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी देवळात गावकारांनी त्याला पडद्याचं विचारलं. "नको तात्या," तो म्हणाला, "पडदा त्याचाच. मी वीतभर कागदावरचा माणूस."

पडदा मला राहिला, पण त्याने दिला म्हणून राहिला.

दुसऱ्या दिवशी अंगणात कापड पसरून मी कोळशाने माणसं उभी केली, हात मागे. तो उकिडवा बसून बघत होता. मी जेवून येतो तो सगळ्यांचे हात त्याने पेन्सिलीने पुढे आणलेले, आणि स्वतः घरी गेलेला. मी ओलं फडकं घेतलं. राजाचा उजवा हात पुसला आणि थांबलो. बाकीचे माझ्याच्याने पुसवेनात. राजाचा तेवढा मी माझ्या मनाने काढला. बाकीच्यांत मुकाट रंग भरला, रेषेच्या बाहेर न जाता.

नमनाला लोक म्हणाले, यंदा बोटं छान आलीत तुझी. मी हो म्हटलं. तो बाजूलाच उभा होता. कोणाची बोटं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

ती म्हातारी मात्र पडद्याच्या अगदी जवळ गेली, नीट निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"सगळ्यांचं बरं आहे. पण राजाच्या मनगटाला सुरण कशाला लावलास रे?"