पश्चिमेकडचं पाणी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, गॅसवर दूध ठेवून उभी होते. "वन्सं, तुमचं दादा गेलं..." एवढं बोलून त्या थांबल्या. दूध उतू गेलं, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता समुद्रावर जावं लागणार. भाऊ गेल्यावर असला विचार येतो का कुणाला? मला आला. भाऊबीजेला दादांनी माझ्याकडून तसा शब्द घेतला होता, आणि मला तर त्या समुद्राचं तोंड पाहायचं नव्हतं.

दादा माझे थोरले भाऊ. आम्ही मूळचे कडेगावकडचे, उसातले. पण दादांनी सगळी नोकरी वाईच्या शाळेत भूगोल शिकवण्यात काढली. घाटावर जन्मलेल्या या माणसाला कोकणच्या किनाऱ्याचं वेड कुठून लागलं, देव जाणे. अंगणात त्यांनी सिमेंटचा मोठा उठावाचा नकाशा केला होता. सह्याद्रीची भिंत, तिच्यातून उतरणारे घाट, बाणकोटची खाडी आणि तिच्याखाली एकेक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. शाळेतली मुलं गोळा करून ते तांब्यानं महाबळेश्वरावर पाणी ओतायचे. सावित्री आणि कृष्णा एकाच डोंगरावर जन्मल्या; सावित्री पश्चिमेला उडी मारून समुद्र गाठते, आपली कृष्णा मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून अख्खं दख्खन ओलांडते आणि पूर्वेच्या समुद्राला मिळते, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा. मग गलबतांच्या गोष्टी. खाडीत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून वाईच्या बाजारात यायचा. पुढे खाडी गाळानं भरली, बंदर मेलं, वखारींच्या जोत्यांवर माड उभे राहिले. "किनारा काय जाग्यावर ऱ्हात न्हाई," असं ते नेहमी म्हणत.

त्यांचा एकुलता एक मुलगा विजय. वाईच्या घाटावर पोहायला शिकलेला, भरल्या कृष्णेतून पलीकडे जाऊन येणारा. कॉलेजातल्या मित्रांबरोबर तो समुद्रावर गेला... त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. नदीत पोहणारा माणूस खळखळ टाळतो आणि संथ पाणी बघून उतरतो. विजयनं तेच केलं. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या आणि मधे एक गडद, निवांत पट्टा होता. तिथं तो उतरला. पण समुद्रात लाट फुटत नाही ती जागा म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी माघारी जायची वाट. बाजूला सरकला असता तर वाचला असता. तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिला, दमला आणि गेला. सापडलाच नाही.

दादांना हे सगळं ठाऊक होतं. नकाशात तो पट्टाही त्यांनी कोरला होता. फक्त पोराला तिथं नेऊन दाखवायचं राहिलं, आणि त्यावरून त्यांनी स्वतःला एक दिवस सोडलं नाही.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत ते एसटीनं त्याच पुळणीवर जाऊन उभे राहू लागले. सातारा-सांगलीची नंबरप्लेट दिसली की पाण्याकडे निघालेल्यांना अडवायला हातवारे करत धावत. लोक वेडा म्हणत. मीही चिडून म्हटलं, "ज्यानं पोरगं गिळलं त्याच्या दारात काय जाऊन बसताय?"

"दार उघडंच हाय गं," दादा म्हणाले. "कुणीतरी नगं का बसाय?"

भाऊबीजेला ओवाळलं तेव्हा त्यांना धड बसवतही नव्हतं. ताटात ओवाळणी टाकता टाकता त्यांनी माझं मनगट धरलं. "सुमे, मला कृष्णंत सोडू नगंस. कृष्णा पूर्वंला नेईल गं. पोरगं पश्चिमेला हाय."

दादा गेल्यावर भावकीनं घालायचा तो गोंधळ घातलाच. दारात कृष्णामाई असताना अस्थी घेऊन कोकणात जातात का, लोक काय म्हणतील! वहिनी एरवी कुणापुढे तोंड न उघडणाऱ्या. त्यांनी कलश उचलून पदराखाली घेतला आणि गाडीत जाऊन बसल्या.

पुळणीवर वहिनींनी कलश पाण्यात रिकामा केला. मी लांब उभी होते. तेवढ्यात कऱ्हाडकडची वाटणारी चार-पाच पोरं कपडे काढून निघाली, आणि निघाली ती नेमकी त्या गडद पट्ट्याकडे. मला कसं ओळखू आलं कुणास ठाऊक. सगळा जन्म दादांची बडबड नको नको म्हणत ऐकली होती, तीच आत साठली असणार. मी ओरडत धावले, "आरं, तितं नगा! म्हागं फिरा!"

"आजी, आमी कृष्णंत पवलेली माणसं हाय," एकजण हसला.

"म्हणूनच सांगती रं!"

पोरं कुरकुरत माघारी फिरली. मी वाळूत बसले आणि भावासाठी पहिल्यांदा पोटभर रडले.

परवा वाईला गेले होते. विजय गेल्यापासून वहिनी त्या नकाशाकडे बघतही नसत, झाडतानासुद्धा वळसा घालून जात. आता तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी त्या नकाशाच्या पश्चिमेला ओततात. मी नुसतं बघत उभी राहिले, तर म्हणाल्या, "दोघं हायती न्हवं तितं..."